रबराच्या सहा पाकळ्या

पुंजाराम गाडेकरला इंजिनातलं सगळं कळतं, हे गावानं तीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि गावाचा हा समज मोडायच्या फंदात पुंजाराम कधी पडला नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. कुणाचा फवारणीचा पंप अडला, गिरणीचा पट्टा उतरला, की त्याला बोलावणं यायचं. पैसे घ्यायचा नाही. बसायला पोतं टाकलं जायचं, चहा यायचा, आणि चार माणसांत "काका आले म्हंजे झालं" एवढं कानावर पडलं की त्याचं पोट भरायचं. माणसाला कसली ना कसली भूक असतेच.

बोट मात्र निराळं जनावर होतं.

धावडा गावाच्या खालच्या अंगाला धरणाचं पाणी पसरलं तेव्हा गाडेकरांचं घर अलीकडं राहिलं आणि सहा एकरांचा तुकडा पलीकडं गेला. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर एकोणीस किलोमीटर, त्यातले शेवटचे पाच चिखलातून. पाण्यावरून गेलं तर पंधरा मिनिटं. म्हणून दोन वर्षांपूर्वी पुंजारामनं एका बंद पडलेल्या बागेच्या तळ्यातली जुनी फायबरची बोट आणली, मागच्या फळीला अडकवायच्या पेट्रोल इंजिनासकट. विकणारा कल्याण नावाचा गडी दोन दिवस राहून शिकवून गेला.

"एक ध्यानात ठेवा काका," तो म्हणाला होता, "हे इंजन तळ्याचंच पानी पिऊन थंड ऱ्हातं. खालून वढतं आन् मागून मुततं. ही धार चालू हाय तवर चिंता न्हाई. धार थांबली की बंद करायचं. आन् पान्याबाहेर तर बिलकुल चालू करायचं न्हाई. आत रबराचा इम्पेलर हाय, कोरडा फिरला की जळून जातो."

पुंजारामच्या बायकोला, झुंबरबाईला, ही मुतण्याची भाषा आवडली नाही. तेव्हापासून घरात सगळे नुसतं 'धार' म्हणू लागले.

शिकायला बसला होता पुंजाराम, पण शिकली सून. लेक सोमेश्वर दुधाची गाडी घेऊन पहाटेच भोकरदनला जायचा, आणि पुंजारामचा उजवा खांदा धरलेला. इंजिनाचा दांडा तासभर धरला की रात्रभर ठणकायचा. म्हणून दांडा मीनाच्या हातात आला. मीना बारावी झालेली, बोलायला कमी आणि हातानं चोख. इंजिन बंद करायची एक लाल दोरी असते; तिचं एक टोक इंजिनाला अडकवायचं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पाण्यात पडला तर दोरी निसटून इंजिन आपोआप बंद पडतं. ती दोरी मीनाच्या हातात हिरव्या बांगड्यांच्या शेजारी कायमची बसून गेली होती. गावच्या बाया हसायच्या, म्हणायच्या, हिला दोन मंगळसूत्रं आहेत, एक गळ्यात आणि एक मनगटात.

यंदा कापूस नवरात्रातच फुटला. पलीकडचा सगळा तुकडा पांढरा दिसत होता, आणि दसऱ्यानंतर पाऊस येणार असं ज्याच्या त्याच्या फोनवर येत होतं. फुटलेल्या कापसावर पाऊस म्हणजे वर्षाची माती. तेव्हा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वेचणी धरायची ठरली. भुजंग मुकादमानं नऊ बाया कबूल केल्या. बोट दिवसातून चार फेऱ्या करणार, म्हणून आधी इंजिनाची निगा करून घ्यावी असं मीनाच म्हणाली.

इंजिन उतरवून तिनं गोठ्यासमोर सोडलेल्या बैलगाडीच्या मागच्या फळीला अडकवलं. चार दिवस ती त्याच्याशी झटत होती. गिअरचं जुनं तेल काढलं, बोटावर घेऊन उन्हात पाहिलं. दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे आत पाणी शिरलं नव्हतं. नवं तेल भरलं. प्लग बदलले, पेट्रोलची जाळी धुतली, सांध्यांना ग्रीस भरलं. अडलं की जालन्याच्या मस्तगडातल्या मच्छिंद्र मिस्त्रीला फोन करायची. शेवटी पाण्याचं मोठं टिपाड गाडीखाली सरकवून, इंजिनाचा पाय, म्हणजे पंख्याकडचा खालचा भाग, त्यात बुडेल एवढं काठोकाठ भरून ठेवलं. चालू करून पाहायचं ते त्यातच.

मध्ये आली खंडेनवमी.

त्या दिवशी घरातल्या एकूण एक हत्याराची पूजा. विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, सोमेश्वरची गाडी. पुंजारामनं सकाळीच इंजिन पुसून लख्ख केलं. झेंडूची माळ घातली. पायाच्या दोन्ही अंगांना हळदी-कुंकवाचे स्वस्तिक काढले, पंख्याच्या तिन्ही पात्यांना बोटं ओढली, दांड्याला लाल नाडा बांधला. आता हे सगळं परत टिपाडातल्या पाण्यात बुडवायचं? देवाच्या दिवशी कुंकू धुवायचं? त्यानं दोन माणसांना हाताशी घेऊन टिपाड बाजूला ओढलं. शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं जमली होती. पूजा झाली की यंत्र एकदा चालू करायचं, हा रिवाज. तो त्यानं जन्मभर पाळला होता. नारळ फुटला आणि पुंजारामनं चालू करायची दोरी ओढली.

इंजिन एका हिसक्यात लागलं. त्यानं गिअर टाकला. पंखा फिरू लागला, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, माणसं हसत मागं सरली. कुणीतरी म्हणालं, "काकाच्या हातात जादू हाय गड्या."

त्या गोंगाटात मीना त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, धार न्हाई. पानी न्हाई खाली. बंद करा."

त्यानं ऐकलं. नीट ऐकलं. पण डिझेल इंजिन दोन मिनिटं कोरडं चाललं तर काही होत नाही, हे त्याला तीस वर्षांचं ठाऊक होतं. आणि भरल्या अंगणात सुनेनं सांगावं आणि सासऱ्यानं बंद करावं, हे त्याला जमेना. उलट त्यानं वेगाची मूठ थोडी पिळलीच. गूळ-खोबरं वाटून होईपर्यंत इंजिन गरजत राहिलं. मग रबर करपल्यासारखा वास आला, आणि तो म्हणाला, "उदबत्ती माळंला लागली वाटतं."

वेचणीच्या दिवशी सकाळी सात वाजता नऊ बाया बोटीत बसल्या. मधल्या फळीवर भुजंगची आई साळूबाई, भोवती भाकरीची गाठोडी. पुंजाराम पुढं नाकाडावर, मीना मागं. इंजिन लागलं. मीनानं वाकून मागं पाहिलं.

"मामा, धार बारीक हाय. पाहता का जरा?"

पुंजाराम उठायला लागला. पण काठावर भुजंग उभा होता, बाया खोळंबल्या होत्या, ऊन वर येऊ लागलं होतं.

"कचरा आसंल. निंघंल आपोआप. चल, जल्दी."

मध्यावर आल्यावर इंजिनाचा आवाज घोगरा झाला. इंजिनाच्या टोपीखालून पांढरी वाफ निघाली आणि पाठोपाठ काळा धूर. मीनानं लाल दोरी हिसडून इंजिन बंद केलं, पण धूर पाहून बाया एकदम ओरडत उठल्या. बोट कलली. साळूबाई उभी होती ती तशीच तोल जाऊन पाण्यात गेली. लुगडं फुगून वर आलं आणि बाई खाली. मीनानं आडवं पडून हात घातला, केसच हाताला लागले, केसांनीच तिला वर ओढली. पुंजारामनं काखेत हात घालून आत घेतली तेव्हा खांद्यात कट्कन झालं, पण दुखतं म्हणायचंही त्याला सुचलं नाही. म्हातारी पाणी ओकत होती. बाया रडत होत्या. एक वल्हं आणि बायांच्या भाकरीच्या डब्यांची झाकणं, यांवर त्यांनी बोट तासाभरात अलीकडच्या काठाला आणली.

भुजंग गुडघाभर पाण्यात आला होता. आईला पाठुंगळी घेऊन त्यानं कोरड्यावर आणलं आणि मग तो वळला.

"इंजन कोन खोललं व्हतं?"

मग एक बाई म्हणाली, "सुनबाईनं. चार दिस खोलूनच बसली व्हती."

"बाईमानसानं मशिनीला हात लावावा का? काका घरात आसताना?" भुजंग पुंजारामकडं पाहत होता. "मपली माय गेली आस्ती आज. बोला ना काका."

मीनाही पाहत होती. ओल्या कपाळावर केस चिकटलेले, हात कोपरापर्यंत खरचटलेले. ती एकच वाक्य बोलली, "मामांना इचारा."

बोलायची वेळ तीच होती. पुंजारामनं घसा साफ केला. चार लोक ज्या तोंडाकडं आदरानं पाहतात, त्या तोंडानं एवढी गोष्ट कशी सांगावी ते त्याला कळेना.

"मशीन हाय," तो म्हणाला. "बिघडतं कधी कधी."

झालं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. झुंबरबाई घरून धावत आली होती, तिनं सगळ्यांसमोर मीनाच्या मनगटातली लाल दोरी काढून घेतली आणि आपल्या पदराला गाठ मारून बांधली. "लई झालं तुपलं शिक्षण," ती म्हणाली. काढताना दोन बांगड्या फुटल्या. मीनानं वाकून काचा गोळा केल्या, बायांच्या पायात जातील म्हणून.

संध्याकाळी सोमेश्वरनं बायकोला विचारलं, "काय केलं व्हतं तू इंजनाला?" ती म्हणाली, "जे करायचं तेच." त्यानं ताट बाजूला सारलं. "आबा, इकून टाकू ही बोट," तो म्हणाला. पुंजारामचा घास तोंडातच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिन परत बैलगाडीच्या फळीला अडकवलं, चार बोल्ट काढून त्याचा पाय सुटा केला, पोत्यात घातला आणि एस.टी.नं जालना गाठलं. मस्तगडाच्या चढावर मच्छिंद्रचं दुकान, पंपांच्या ढिगाऱ्यात बुडालेलं. बोट विकताना कल्याणनं एक जादा इम्पेलर दिला होता, तो पुंजारामनं सोबत आणला होता. मच्छिंद्रनं त्याच्याकडून धुराची हकिकत ऐकत पाय शिकंज्यात धरला, पंपाचं झाकण खोललं आणि आतली चीज दोन बोटांत धरून उजेडाकडं केली. रबराचं फूलच ते, सहा पाकळ्यांचं. चार पाकळ्या वितळून चुरमडलेल्या. दोन बुडापासून गेलेल्या.

"कोरडं चालवलं," मच्छिंद्र म्हणाला. "पाच-सात मिनिटं तरी. कोनी चालवलं?"

इथं भुजंग नव्हता, बाया नव्हत्या. एक परकं गाव आणि तेलकट हातांचा माणूस. इथं खरं बोलायला काय जात होतं? पण जिभेला वळण लागलं की लागलं.

"घरातल्या मानसानं," पुंजाराम म्हणाला.

"सुनबाईनं तर न्हाई?" मच्छिंद्र हसला. "न्हाई न्हाई, ती न्हाई करनार. तिचा फोन आल्ता मला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. टिपाडात पानी कुठवर भरू, इतंवर भरलं तर बराबर व्हईल का, म्हून इचारून राह्यली व्हती. असं गिऱ्हाईक मला सगळ्या जालन्यात न्हाई. आन् इंजन धूर सोडल्याबरुबर बंद कोनी केलं?"

"तिनंच."

"म्हून पिस्टन वाचला. आजून एक मिनिट चाललं आस्तं तर भंगारात गेल्तं."

पुंजारामनं दुकानातला कळकट स्टूल ओढला आणि बसला. मच्छिंद्रनं नवा इम्पेलर ग्रीस लावून, पंपाचा दांडा उजवीकडं फिरवत फिरवत त्याच्या वाटीत बसवला, नवं पॅकिंग घातलं. मग जुनं फूल त्याच्या हातावर ठेवलं. "ह्या दोन पाकळ्या वर पाईपीत गेल्या आसतील. त्या सापडल्याबिगर पाय जोडू नका. न्हाईतर नवा इम्पेलर आसून धार येनार न्हाई."

परतीच्या गाडीत जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. खिशातलं रबर मांडीला लागत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. कंडक्टर दोनदा "काका, बसा की" म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याला भुजंगचं 'बोला ना काका' ऐकू आलं.

पश्चिमेला ढग धरले होते.

दुपार कलताना तो बैलगाडीखाली उताणा पडला आणि इंजिनाच्या पोटातल्या पाईपमध्ये तार घालू लागला. त्याची बोटं जाड, डोळे अधू. तार आत जायची आणि रिकामी यायची. मीना गोठ्यात शेण भरत होती. तिनं एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, मग हात धुऊन आली. केसांतला आकडा काढून तिनं त्याचं टोक दातांनी वाकवलं.

"सरा," ती म्हणाली.

पहिली पाकळी लगेच आली. दुसरीला अर्धा तास लागला. ती निघाली तेव्हा मीनानं दोन्ही धुतल्या आणि फळीवर जुन्या फुलाला लावून ठेवल्या. सहा भरल्या. बरोबर बसल्या.

पुंजाराम मांडी घालून जमिनीवर बसला होता. "पोरी," तो म्हणाला, आणि पुढचं येईना.

मीनानं टिपाड भरायला बादली उचलली होती. ती खाली ठेवली. "मामा, मला इथं गोठ्यात सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "मला म्हाईतच हाय."

आवाज चढवला नाही तिनं. चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

पाय जोडून, लाल दोरीच्या जागी सुतळी अडकवून, इंजिन टिपाडात चालू केलं. मागून धार आली, करंगळीएवढी जाड, अंगणात लांब जाऊन पडणारी. झुंबरबाई ओट्यावरून पाहत होती. तिनं पदराच्या गाठीला हात लावला, पण सोडली नाही.

सकाळी आभाळ खाली आलं होतं. वारा दमट. भुजंग बाया घेऊन काठावर आला होता, कारण रोजगार कुणालाच सोडवत नव्हता, पण तो बोटीपासून चार हात लांब उभा राहिला. साळूबाईही आली होती, खोकत होती, डोक्याला फडकं बांधलेलं. पुंजारामनं झुंबरबाईलाही सोबत आणलं होतं. का ते तिला सांगितलं नव्हतं. मीना वल्हं घेऊन सगळ्यांच्या मागं होती.

"इंजन कोन चालवनार?" भुजंगनं विचारलं.

पुंजारामनं मीनाकडं पाहिलं.

"काका चालवत आसतील तर बसतील बाया," भुजंग म्हणाला. "तुमच्यावर भरोसा हाय. सुनबाईला घरी ऱ्हाऊ द्या."

किती सोपं होतं. हो म्हणायचं, खांदा दुखला तर दुखला. बाया बसतील, पावसाच्या आत कापूस घरात येईल, गावातली पत जागच्या जागी राहील. कुणाचं काही जाणार नव्हतं. एका मीनाचं जाणार होतं.

पुंजारामनं खिशात हात घातला आणि ते करपलेलं फूल काढलं. दोन सुट्या पाकळ्याही.

"हे मी जाळलं," तो म्हणाला.

भुजंगला कळलं नाही. "काय?"

"खंडेनवमीला. टिपाडातून भायेर काढून कोरडं चालवलं मी. कुकू धुतलं जाईल म्हून. तिनं सांगितलं व्हतं, बंद करा. मी ऐकलं न्हाई." त्याचा आवाज फाटला, पण तो थांबला नाही. "तिनं इंजन बराबर केलं व्हतं. बिघाड मपला हाय."

"दोनदा सांगितलं व्हतं," मागून मीना म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती. "बोटीत बसल्यावर बी सांगितलं व्हतं. धार बारीक हाय म्हून."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. "दोनदा."

भुजंगनं ते फूल हातात घेऊन उलटंपालटं केलं. शिवी दिली असती तर पुंजारामनं ती आनंदानं झेलली असती.

"मपली माय बुडता बुडता वाचली," भुजंग सावकाश म्हणाला, "आन् तुमी मपल्या तोंडावर मशीन बिघडतं म्हनले. वा काका. आता गिरनीचा पट्टा उतरला तर दुसऱ्याला बलावू आमी." त्यानं बायांना हात केला. "चला गं. खालच्या वस्तीवर काम हाय."

पाच बाया त्याच्या मागून निघाल्या. तिघी घुटमळल्या. साळूबाई जागची हलली नाही.

"माय, चल," भुजंग ओरडला.

"तू जाय," म्हातारी म्हणाली. "पान्यात व्हते तवा हिनंच मला केसाला धरून काढलं. डोस्कं आजून दुखतंय." ती पाण्यात उतरली आणि मीनाला म्हणाली, "हात दे. आन् आज काढायचं काम पडू देऊ नको."

घुटमळणाऱ्या तिघी तिच्यामागं चढल्या. नऊजणींच्या चार झाल्या. चौघींनी सहा एकर पावसाच्या आत वेचून होत नाही, हे काठावरच्या प्रत्येकाला कळत होतं.

झुंबरबाई चिखलात उभी होती. पदराची गाठ तिला सुटेना. शेवटी दातांनी सोडली. लाल दोरी मीनाच्या मनगटात घालताना तिला परवा फुटलेल्या बांगडीचा ओरखडा दिसला. ती त्यावर अंगठा फिरवत राहिली. मीनानं हात काढून घेतला, पण हिसडला नाही.

पुंजाराम सवयीनं पुढं नाकाडाकडं निघाला.

"मामा," मीना म्हणाली, "तुमी मधी बसा. बायांत."

तो मधल्या फळीवर साळूबाईशेजारी बसला. गाठोडं कुठं ठेवावं ते कळेना, म्हणून मांडीवर घेतलं. इंजिन लागलं, बोट काठापासून सुटली. पाण्यावर पहिले चार थेंब पडले, टपोरे, लांब लांब. पलीकडं कापूस पांढरा दिसत होता. वळून मागं पाहायची त्याची हिंमत होईना.

"धार हाय का?" त्यानं पुढं तोंड ठेवूनच विचारलं.

मागं बांगड्या किणकिणल्या; मीना वाकली असावी.

"हाय," मीना म्हणाली. "ती पाहायला मी हाय. तुमी गुमान बसा."